बारशाच्या दुधाचं पनीर

फार फार पूर्वी, राजेसुद्धा प्रजेच्या पंगतीत मांडी घालून जेवत असत, तेव्हाची ही गोष्ट. डोंगराच्या पायथ्याशी एक छोटंसं राज्य होतं. इतकं छोटं, की राजवाड्यात मिरचीची फोडणी बसली की वेशीवरच्या पहारेकऱ्याला शिंका यायच्या. पण दूधदुभत्याला तिथे तोटा नव्हता. घरोघरी गाई-म्हशी होत्या आणि खाण्यापिण्याचं कौतुक तर विचारूच नका.

त्या राज्यात पुकाऱ्याची एक चाल होती. पंगत बसली, पानं वाढून झाली, तरी कोणी घासाला हात लावायचा नाही. आधी मुदपाकखान्याची मुख्य बाई पंगतीच्या तोंडाशी उभी राहायची आणि कुठला पदार्थ कोणाच्या हातचा, ते खणखणीत आवाजात सांगायची. पदार्थ चांगला झाला तर कौतुक त्या नावाचं आणि बिघडला तर बोलणीही त्याच नावाला. निनावी अन्न त्या राज्यात राजासुद्धा खात नसे.

या मुदपाकखान्याच्या मुख्य होत्या भिवराबाई. त्यांच्या हाताला चव होती, यात शंकाच नाही. साधं वरण त्यांनी केलं तरी लोक वाटी पुसून खायचे. राजाने त्यांना चांदीच्या मुठीची पळी दिली होती आणि ती पळी कमरेला खोचून भिवराबाई चालायला लागल्या की सेनापतीसुद्धा बाजूला सरकायचा. एवढ्या गुणांच्या बाईत एकच खोड होती. पुकाऱ्यात त्यांच्या तोंडून एकच नाव यायचं, ते म्हणजे त्यांचं स्वतःचं. "वरण भिवराबाईंच्या हातचं! वांग्याची भाजी भिवराबाईंच्या हातची! खीर भिवराबाईंच्या हातची!" वांगी चिरून आणि वाटण वाटून ज्यांचे हात भरून आलेले असायचे, त्या बायका मागे उभ्या राहून नुसत्या एकमेकींकडे बघायच्या.

भिवराबाईंच्या मुलाचं लग्न झालं आणि दूरच्या मुलखातली सून घरी आली. तिचं नाव केसर. पण ते नाव सासरी कोणाच्या तोंडी बसलंच नाही. शेजारपाजारचे तिला 'परमुलखातली' म्हणायचे आणि भिवराबाई म्हणायच्या, "अगं ए." सासूला ती आत्याबाई म्हणे आणि रोज त्यांच्या मागोमाग मुदपाकखान्यात येई. तिथे तिला काम होतं भांडी विसळायचं आणि शेगडीला वारा घालायचं.

एकदा तिने हौसेने सांगितलं, "आत्याबाई, आमच्याकडे दुधाचं पनीर करतात. दूध फोडायचं, फडक्यात बांधायचं..."

"काय करायचं?" भिवराबाईंनी डोळे वटारले. "चांगलं दूध फोडायचं? हात जोडते तुला, पुन्हा असलं अभद्र बोलू नकोस."

बाईंचा राग उगाच नव्हता. त्या राज्यात दूध नासणं म्हणजे मोठा अपशकुन. कोणाच्या घरी चुकून नासलंच, तर ते गुपचूप वेशीबाहेर नेऊन ओतायचं आणि वर कोणाला सांगायचं नाही. त्यातून बारशाचं दूध नासलं तर विचारायलाच नको. ते ज्याच्या हातून नासेल त्याने हातातली पळी कायमची खाली ठेवायची, असा जुना नियम होता. केसर बिचारी पुन्हा शेगडीला वारा घालू लागली.

पुढे राजाला नात झाली. वाड्यात आनंदीआनंद झाला. बारशाचा दिवस ठरला आणि चालीप्रमाणे घरोघरचं सगळं दूध मुदपाकखान्यात आलं. श्रीमंताच्या म्हशीचं आलं, तसं म्हातारीच्या एकुलत्या एका गाईचंही आलं. सगळं मिळून एका मोठ्या हंड्यात ओतलं. त्या दुधाची गुळाची खीर करायची आणि बाळाचं नाव ठेवून झालं की साऱ्या राज्याने ती खायची. त्या दिवशी कोणाच्या घरी थेंबभरही दूध मागे राहत नसे.

गुळाच्या खिरीचं एक पथ्य असतं, ते घरोघरी ठाऊक आहे. दूध चुलीवर उकळत असताना त्यात गूळ घालायचा नाही. हंडा खाली उतरवायचा, दूध जरा निवू द्यायचं आणि मग गूळ घालायचा. नाहीतर दूध नासतं. भिवराबाईंनी हे पथ्य जन्मभर पाळलं होतं. पण त्या दिवशी वाड्यातून निरोपावर निरोप येत होते. पाहुणे आले, पानं मांडली, नाव ठेवायची वेळ झाली. बाईंची घाई झाली. दूध आटून दाट झालं होतं, शेवया भाजून तयार होत्या. त्यांनी गुळाची परात उचलली.

केसर चुलीपाशीच होती. ती हळूच म्हणाली, "आत्याबाई, अजून उकळतंय. जरा निवू द्या ना."

"तू मला खीर शिकवणार?" भिवराबाई कडाडल्या. "तुझा जन्म व्हायचा होता तेव्हापासून मी खीर करतेय. हो बाजूला!"

आणि त्यांनी गूळ घातला.

पळी फिरवली, पुन्हा फिरवली, आणि भिवराबाईंचा हात थांबला. दुधात बारीक कण दिसू लागले. बघता बघता कडेने पाणी सुटलं. हंड्यातलं दूध धड दूध राहिलं नाही आणि धड नासलंही नाही, नुसतं गढूळ झालं. भिवराबाईंच्या पायाखालची जमीनच सरकली. एवढ्या वर्षांचं नाव, चांदीच्या मुठीची पळी, सेनापतीने बाजूला होणं, सगळं त्या हंड्यात त्यांच्या डोळ्यांदेखत गेलं.

तेवढ्यात कारभारी आत आले. त्यांनी हंड्यात डोकावून पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "अरे देवा! बारशाचं दूध! कोणाच्या हातून झालं हे?"

साऱ्या बायकांच्या माना आपोआप केसरकडे वळल्या. बाहेरची तीच होती ना. गूळ भिवराबाईंनी घातला, हे त्यांनी पाहिलं होतं, पण भिवराबाईंच्या हातून दूध नासेल हे त्यांच्या डोळ्यांनाच पटत नव्हतं. दूध फोडण्याच्या गोष्टी करणारी मुलगी चुलीपाशी बसली होती, मग वेगळा पुरावा कशाला हवा?

"हिचा हात लागला वाटतं?" कारभाऱ्यांनी विचारलं. भिवराबाईंना 'नाही' म्हणायचं होतं. त्यांनी तोंडही उघडलं, पण शब्द बाहेर येईना. त्या गप्प राहिल्या. अशा वेळी गप्प राहणं म्हणजे हो म्हणणंच असतं, आणि हे त्यांनाही कळत होतं.

कारभारी जवळ येऊन म्हणाले, "बरं झालं. पुकाऱ्यात हिचंच नाव सांगा. परमुलखातली आहे, नवीन आहे, महाराज चार शब्द बोलून सोडून देतील. तुमची पळी शाबूत राहील. आता हा हंडा मागच्या दाराने वेशीबाहेर न्या."

चार गडी हंडा उचलायला वाकले, आणि इतका वेळ गप्प असलेली केसर मध्ये उभी राहिली.

"थांबा! ओतू नका. घराघरातलं दूध आहे हे. म्हातारीने तिच्या नातवाला न देता दिलंय. आत्याबाई, हे वाया गेलेलं नाही. मला लिंबं द्या."

"लिंबं?" एका बाईने विचारलं.

"अर्धवट फुटलंय, ते पुरतं फोडायला हवं. मग त्याचं पनीर होईल. मी करते. आमच्याकडे सणावाराला हेच करतात."

बायकांनी तोंडावर पदर घेतले. चुकून दूध नासलं ते पुरे नाही, म्हणून आता मुद्दाम नासवायचं? आणि तेही राजाच्या नातीच्या बारशाला? सगळ्या भिवराबाईंकडे पाहू लागल्या. मुदपाकखान्यात त्यांच्या शब्दाशिवाय चमचा हलत नसे.

भिवराबाईंनी सुनेकडे पाहिलं. घरात येऊन इतके दिवस झाले, पण नीट असं त्यांनी तिच्याकडे पहिल्यांदाच पाहिलं. मुलगी हंड्यासमोरून हलत नव्हती. स्वतःवर आळ आला होता त्याबद्दल एक शब्द नाही, आणि दुधासाठी मात्र कारभाऱ्यांच्या आडवी उभी होती.

"द्या तिला लिंबं," भिवराबाई म्हणाल्या.

केसरने पदर खोचला. लिंबाचा रस पाण्यात मिसळून तिने हंड्यात धार धरली आणि पळी हलक्या हाताने फिरवली. गढूळ दुधाचे पांढरे गोळे झाले आणि खाली गुळाने पिवळसर झालेलं, नितळ पाणी दिसू लागलं. तिने ते मोठ्या फडक्यात गाळलं आणि गुळाचा गोडवा आणि लिंबाचा आंबटपणा जाईपर्यंत वरून थंड पाणी ओतलं. मग फडक्याची गाठ मारून गाठोडं पाटावर ठेवलं.

"आता वर वजन हवं," ती म्हणाली. ती इकडेतिकडे बघतेय तोवर मसाला वाटायचा जड पाटा दोन्ही हातांनी उचलून भिवराबाईंनी स्वतः आणला आणि गाठोड्यावर ठेवला.

"किती वेळ ठेवायचं?" त्यांनी विचारलं. मुदपाकखान्यात भिवराबाईंनी कोणाला काही विचारल्याचं कोणी ऐकलं नव्हतं.

"पाणी गळायचं थांबेपर्यंत. घाई केली तर तळताना भुगा होतो."

"बरं," भिवराबाई म्हणाल्या. "नाही करत घाई." आणि त्या दुसऱ्या पाट्यावर खोबरं-खसखस वाटायला बसल्या. ते पाहून बाकीच्या बायका हलल्या. कोणी आलं किसलं, कोणी धने-जिरे भाजले. दुधाचं पाणीही केसरने टाकू दिलं नाही. थोडं बाजूला ठेवून उरलेल्या पाण्यात पुऱ्यांची कणीक भिजवायला सांगितली. वाड्यातून पुन्हा निरोप आला, तेव्हा भिवराबाईंनीच उत्तर पाठवलं, "पाळणे आणखी दोन म्हणा. स्वयंपाकाला वेळ आहे."

पाटा उतरवला, फडकं सोडलं, तर आत पांढरीशुभ्र, घट्ट वडी तयार. केसरने तिचे चौकोनी तुकडे कापले, तुपात गुलाबी तळले आणि बाजूला ठेवलेल्या दुधाच्या कोमट पाण्यात मीठ घालून त्यात सोडले.

"तळलेलं पुन्हा पाण्यात?" एक बाई न राहवून म्हणाली.

"म्हणजे मऊ राहतं," केसर म्हणाली. शेवटी खोबऱ्या-खसखशीच्या दाट रश्श्यात तुकडे सोडून तिने वर झाकण ठेवलं. त्या वासाने गडी दारात गोळा झाले. कारभारीही दोनदा उगाचच येऊन गेले.

नाव ठेवून झालं. पंगत बसली. पानावर पुरी आली, भात आला, आणि खिरीच्या जागी द्रोणात कधी न पाहिलेली भाजी आली. लोक कुजबुजू लागले. आता उरला होता पुकारा.

भिवराबाई कमरेची पळी सावरत निघाल्या, तेव्हा केसरने त्यांचा हात धरला आणि हळू आवाजात म्हणाली, "आत्याबाई, दूध माझ्या हातून नासलं असंच सांगा. तुमचं नाव मोठं आहे. माझं काय, माझं नाव इथे कोणाला माहीत तरी आहे?"

ते शेवटचं वाक्य भिवराबाईंना लागलं. फार लागलं. पंगतीच्या तोंडाशी जाईपर्यंत त्यांच्या मनात तेवढंच घोळत होतं.

त्या उभ्या राहिल्या. सारी पंगत शांत झाली. राजा द्रोणाकडे आणि मग बाईंकडे बघत होता.

"भात गंगूच्या हातचा!" भिवराबाईंचा आवाज घुमला. "पुऱ्या राहीच्या आणि तिच्या जावेच्या हातच्या! वाटण मी वाटलं." मागे उभ्या असलेल्या बायकांना आपल्या कानांवर विश्वास बसेना. गंगूने तर राहीला चिमटाच काढला.

मग भिवराबाई राजाकडे वळल्या. "महाराज, आज खीर नाही. बारशाचं दूध नासलं. घाईत उकळत्या दुधात गूळ घातला गेला. सुनेने थांबवलं होतं, मी ऐकलं नाही. दूध भिवराबाईंच्या हातून नासलं!"

पंगतीत एकच गलका झाला. भिवराबाईंनी हात वर केला.

"पुकारा संपलेला नाही! तुमच्या घरचं दूध वेशीबाहेर जाणार होतं, ते तुमच्या द्रोणात आहे. याला पनीर म्हणतात. माझ्या बापजन्मात मी ते केलं नाही आणि मला करताही आलं नसतं. पनीर केसरच्या हातचं! केसर! माझी सून!"

असं बोलताना त्यांची मान जेवढी ताठ होती, तेवढी कुठल्याही वरणाच्या आणि खिरीच्या पुकाऱ्याला झाली नव्हती. दाराआड उभी असलेली केसर मात्र पदरात तोंड लपवून रडत होती.

आता सगळे राजाकडे बघू लागले. त्याने जेवल्याशिवाय कोण जेवणार? राजाने द्रोणातला तुकडा पुरीत घेतला आणि तोंडात टाकला. चावला. पुन्हा एक घेतला. मग द्रोण रिकामा केला आणि पुढे सरकवला. "अजून वाढा," तो म्हणाला. मग काय विचारता, सारी पंगत तुटून पडली. ज्या म्हातारीने नातवाच्या वाटचं दूध दिलं होतं, ती नातवाला भरवता भरवता म्हणाली, "खा रे, आपल्या गाईचं आहे."

जेवणं झाल्यावर राजाने भिवराबाईंना बोलावलं. "बाई, पदार्थ उत्तम झाला. माझ्या नातीला शकुन चांगला झाला असंच मी समजतो. पण नियम हा नियम. दूध तुमच्या हातून नासलं, ते तुम्ही भर पंगतीत सांगितलंत."

"हो महाराज," भिवराबाई म्हणाल्या आणि त्यांनी कमरेची पळी काढून राजापुढे खाली ठेवली.

"आता ही पळी कोणी उचलायची, त्याचं नावही तुम्हीच सांगा," राजा म्हणाला.

नाव सांगायला भिवराबाईंना क्षणसुद्धा लागला नाही. केसर पुढे आली, पण पळीला हात लावण्याआधी म्हणाली, "महाराज, मी उचलते. पण मला खीर येत नाही, वरणाला यांच्यासारखी चव येत नाही. आत्याबाई माझ्याबरोबर चुलीपाशी असतील तरच उचलते."

"ते तुम्ही सासवासुना बघून घ्या!" राजा हसून म्हणाला. "सासू-सुनेच्या मध्ये पडायची माझी हिंमत नाही."

संध्याकाळी दोघी घरी निघाल्या. नदीच्या वाटेवर पाणी भरणाऱ्या बायका घोळक्याने उभ्या होत्या. त्यांतली एक, जिला दुसऱ्याच्या घरचं दुःख विचारल्याशिवाय झोप येत नसे, ती मुद्दाम पुढे होऊन म्हणाली, "काय हो भिवराबाई, ऐकलं ते खरं का? इतक्या वर्षांची पळी गेली म्हणे हातची?"

भिवराबाई थांबल्या. शेजारी केसर पळी छातीशी धरून उभी होती. तिच्या पाठीवर हात ठेवून भिवराबाई साऱ्या घोळक्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "गेली कुठे? माझ्याच घरात आहे!"

तात्पर्य काय, तर चूक झाली की तिला आपलं नाव द्यावं आणि गुण दिसला की त्याला ज्याचं त्याचं नाव द्यावं. असं करणाऱ्या माणसाच्या हातून पळी सुटली, तरी त्याची मान ताठच राहते.